घटक ५ : आल्फ्रेड वेगेनर – सरकत्या खंडांचा शोध

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• आल्फ्रेड वेगेनर यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालानुक्रमे सांगता येतील.
• खंडवहनाच्या कल्पनेमागील पुरावे आणि त्यांतील तर्कसंगती स्पष्ट करता येईल.
• ही कल्पना आधी नाकारली का गेली आणि नंतर भूपट्ट सिद्धांताच्या रूपाने कशी मान्य झाली, याचे विवेचन करता येईल.
• वैज्ञानिकाचे चरित्र लिहिताना व्यक्ती, विचार आणि काळ यांची सांगड कशी घालावी, हे सांगता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना संतांची, राजपुरुषांची आणि समाजसुधारकांची चरित्रे आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येतात. अशा चरित्रांत व्यक्तीचे जीवन संपते तेथे बहुधा चरित्रही संपते. वैज्ञानिकाच्या चरित्राचे तसे नसते. त्यात व्यक्तीच्या जोडीने एक विचारही वाढत असतो आणि त्या विचाराचे आयुष्य व्यक्तीच्या आयुष्याहून कधी आखूड, तर कधी पुष्कळ दीर्घ असते.

आल्फ्रेड वेगेनर यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. पृथ्वीवरील खंड स्थिर नसून ते सरकत आले आहेत, हा विचार त्यांनी १९१२ मध्ये मांडला. १९३० मध्ये ते मरण पावले, तेव्हा बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी तो नाकारलेला होता. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पस्तीस वर्षांनी तोच विचार नव्या रूपात भूविज्ञानाचा पाया ठरला. मधल्या काळात नेमके काय घडले? त्यांचे विरोधक केवळ हटवादी होते काय? वेगेनर यांचे म्हणणे पूर्णतः बरोबर होते काय? हे प्रश्न मनात ठेवून तुम्ही पुढील विवेचन वाचावे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ जडणघडण

आल्फ्रेड वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन येथे झाला. वडील रिशार्ड वेगेनर हे धर्मोपदेशक होते आणि अभिजात भाषांचे अध्यापनही करीत. पाच भावंडांत आल्फ्रेड धाकटे. त्यांच्याहून थोडे मोठे असलेले बंधू कुर्ट हे पुढे त्यांच्याप्रमाणेच हवामानशास्त्रज्ञ झाले आणि आल्फ्रेड यांच्या आयुष्यातील अनेक साहसांत सहभागी राहिले.

वेगेनर यांनी बर्लिन, हायडेलबर्ग आणि इन्सब्रुक येथे भौतिकी, हवामानशास्त्र आणि खगोलशास्त्र यांचे शिक्षण घेतले. १९०५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली ती खगोलशास्त्रात. तेराव्या शतकातील अल्फॉन्साइन ग्रहकोष्टके आधुनिक गणनापद्धतीत आणणे, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. हे काम पुष्कळसे बैठे आणि आकडेमोडीचे होते. पदवी हाती येताच त्यांनी खगोलशास्त्राला निरोप दिला आणि त्या काळी नव्याने आकार घेत असलेल्या हवामानशास्त्राकडे ते वळले.

लिंडेनबर्ग येथील वेधशाळेत पतंग आणि फुगे आकाशात सोडून वातावरणाच्या वरच्या थरांचे मोजमाप केले जाई. तेथे आल्फ्रेड आणि कुर्ट हे दोघे बंधू काम करू लागले. एप्रिल १९०६ मध्ये या दोघांनी फुग्यातून सलग साडेबावन्न तास प्रवास केला. इतका वेळ हवेत राहण्याचा तो त्या काळचा विक्रम होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या माणसाचे नाव आज भूविज्ञानाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते, त्याचे रीतसर शिक्षण भूविज्ञानात झालेलेच नव्हते. ही बाब पुढे त्यांच्या विरोधकांनी वारंवार पुढे केली.

५.२.२ ग्रीनलंडची ओढ

१९०६ मध्ये लुडविग मिलियुस-एरिक्सन यांच्या नेतृत्वाखाली एक डॅनिश मोहीम ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्याकडे निघाली. वेगेनर हवामानशास्त्रज्ञ म्हणून तीत सामील झाले. १९०८ पर्यंत ते तेथे राहिले आणि त्यांनी हवामानाच्या नोंदी घेतल्या. याच मोहिमेत नेता मिलियुस-एरिक्सन आणि त्यांचे दोन सहकारी बर्फात मरण पावले. ध्रुवप्रदेशातील संशोधनाची किंमत काय असू शकते, हे पंचविशीतील वेगेनर यांनी जवळून पाहिले.

परतल्यावर ते मारबुर्ग विद्यापीठात अध्यापन करू लागले. वातावरणाच्या ऊष्मागतिकीवरील त्यांचे पाठ्यपुस्तक १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. याच सुमारास ज्येष्ठ हवामानशास्त्रज्ञ व्लादिमीर क्योपेन यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. भूगोलाचा अभ्यास केलेल्यांना क्योपेन यांचे हवामान-वर्गीकरण परिचित असेल. क्योपेन यांची कन्या एल्झे यांच्याशी वेगेनर यांचा विवाह १९१३ मध्ये झाला. त्यांना तीन मुली झाल्या.

विवाहापूर्वी त्यांची दुसरी ग्रीनलंड मोहीम पार पडली. १९१२-१३ मध्ये डॅनिश संशोधक योहान पेटर कोख यांच्यासह चौघांनी हिमस्तरावरच हिवाळा काढला आणि नंतर ग्रीनलंडचा रुंद भाग पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडला. सामान वाहण्यासाठी त्यांनी आइसलँडची तट्टे नेली होती. त्यांतील एकही शेवटपर्यंत टिकले नाही. पश्चिम किनारा दृष्टिपथात आला तेव्हा त्यांच्याजवळचे अन्न संपले होते. योगायोगाने तेथील एका धर्मोपदेशकाची नाव जवळून जात होती, म्हणून ते वाचले.

५.२.३ एका कल्पनेचा जन्म

खंडांविषयीचा विचार वेगेनर यांच्या मनात प्रथम आला तो या दोन मोहिमांच्या मधल्या काळात. १९१० च्या नाताळात त्यांच्या एका सहकाऱ्याला मोठा नकाशासंग्रह भेट मिळाला होता. तो चाळताना दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतील असे त्यांना जाणवले. वास्तविक हे साम्य नवे नव्हते. आब्राहाम ऑर्टेलियस यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीसच त्याकडे लक्ष वेधले होते आणि वेगेनर यांच्या थोडे आधी फ्रँक टेलर या अमेरिकी भूवैज्ञानिकानेही खंडांच्या हालचालीची कल्पना मांडली होती. खुद्द वेगेनर यांनी आरंभी या साम्याला फारसे महत्त्व दिले नाही.

१९११ च्या शरद ऋतूत मात्र त्यांच्या वाचनात एक संकलन आले. अटलांटिक महासागराच्या दोन्ही बाजूंना सापडलेल्या समान जीवाश्मांचा त्यात आढावा होता. जे प्राणी महासागर पोहून ओलांडू शकत नव्हते, त्यांचे अवशेष दोन्ही किनाऱ्यांवर होते. त्या काळचे भूवैज्ञानिक याचे उत्तर असे देत की, खंडांदरम्यान पूर्वी जमिनीचे प्रचंड सेतू होते आणि ते पुढे समुद्रात बुडाले. पृथ्वी हळूहळू निवत आणि आक्रसत आहे. सुकत चाललेल्या फळाच्या सालीवर सुरकुत्या पडाव्यात तसे पर्वत निर्माण झाले आणि काही भाग खचून समुद्र झाले, असा तेव्हाचा प्रचलित समज होता.

वेगेनर यांनी नेमके येथेच बोट ठेवले. खंडांचे खडक हलके असतात आणि सागरतळाचे खडक जड असतात, हे तोपर्यंत गुरुत्वाच्या मापनांवरून कळले होते. पाण्यावर लाकूड तरंगावे तसे हलके खंड खालच्या जड थरावर तोललेले आहेत. मग हलक्या खडकाचा एवढा मोठा सेतू जड थरात बुडेल कसा? सेतू बुडू शकत नसतील आणि जीवाश्म तर समान असतील, तर तिसराच पर्याय उरतो. तो म्हणजे, हे भूभाग एके काळी एकत्र होते आणि नंतर दूर गेले.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे भूवैज्ञानिकांच्या सभेत वेगेनर यांनी हा विचार प्रथम जाहीरपणे मांडला. तेव्हा त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते.

आपली प्रगती तपासा – १
१. वेगेनर यांना डॉक्टरेट कोणत्या विषयात मिळाली?
२. जमिनीच्या सेतूंची कल्पना त्यांना का पटली नाही? तीन-चार वाक्यांत लिहा.

५.२.४ पुराव्यांची गुंफण

पहिल्या महायुद्धात वेगेनर यांना राखीव अधिकारी म्हणून आघाडीवर जावे लागले. ते दोनदा जखमी झाले आणि नंतर त्यांची नेमणूक लष्कराच्या हवामानसेवेत झाली. या काळात त्यांनी आपला विचार ग्रंथरूपाने सिद्ध केला. खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवरील हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघी ९४ पृष्ठांची होती. १९२०, १९२२ आणि १९२९ मध्ये त्यांनी तिच्या वाढवलेल्या आवृत्त्या काढल्या आणि प्रत्येक वेळी नवे पुरावे घातले. सर्व खंड मिळून झालेल्या आद्य भूभागाला पुढे पॅन्जिया हे नाव रूढ झाले. संपूर्ण भूमी असा त्या ग्रीक मुळाचा अर्थ आहे.

वेगेनर यांचे पुरावे चार प्रकारचे होते. पहिला किनाऱ्यांच्या आकाराचा. दुसरा खडकांच्या रचनेचा : दक्षिण आफ्रिकेतील केपच्या पर्वतरांगेची रचना अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस प्रांतातील टेकड्यांत पुढे चालू राहिलेली दिसते. तिसरा जीवाश्मांचा : मेसोसॉरस हा गोड्या पाण्यातील लहान सरीसृप फक्त दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका येथेच सापडतो, तर ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या सर्व भूभागांवर मिळतात. चौथा पुरावा प्राचीन हवामानाचा होता आणि तो वेगेनर यांच्या खास अभ्यासविषयातला होता. आज उष्ण असलेल्या भारतात आणि आफ्रिकेत सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांच्या खुणा आहेत. उलट उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटांवर दगडी कोळसा मिळतो. खंड जागच्या जागीच होते असे मानले, तर या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. दक्षिणेकडील खंड ध्रुवाभोवती एकवटलेले होते असे मानले, की त्या हिमनद्यांचे कोडे सुटते.

या पुराव्याचा आपल्या भूमीशी थेट संबंध आहे. चंद्रपूर परिसरातील कोळसा गोंडवन कालखंडातील खडकांत सापडतो आणि ग्लॉसॉप्टेरिसचे ठसे त्याच खडकांशी निगडित आहेत. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या परिसरात हिमनदीने घासून ओरखडे पाडलेला प्राचीन खडकही आहे. गोंडवन हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आलेले आहे. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ट झ्यूस यांनी दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाला गोंडवनलँड असे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले.

वेगेनर यांच्या तर्कपद्धतीकडे आता लक्ष द्या. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे जोडताना आपण आधी कडा जुळतात का ते पाहतो आणि मग छापलेल्या ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नीट पुढे जातात का ते तपासतो, असा दृष्टांत त्यांनी दिला होता. कडा जुळणे हा योगायोग असू शकेल. अनेक ओळी एकाच वेळी जुळणे हा योगायोग नसतो. भाषेच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत अपरिचित वाटू नये. मराठीतील कान हा शब्द संस्कृत कर्ण या शब्दासारखा वाटतो, एवढ्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. परंतु कर्ण–कण्ण–कान, पर्ण–पण्ण–पान, कर्म–कम्म–काम अशी नियमित मालिका उभी राहिली, की ते नाते नाकारता येत नाही. तौलनिक भाषाविज्ञान लुप्त मूळ भाषेची पुनर्रचना करते. वेगेनर यांनी लुप्त महाखंडाची केली. दोन्ही ठिकाणी मूळ वस्तू कोणी पाहिलेली नसते. विखुरलेल्या अवशेषांतील नियमितपणा हीच साक्ष असते.

५.२.५ विरोध आणि त्याची कारणे

सिद्धांताला कडाडून विरोध झाला. विशेषतः १९२४ मध्ये ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाल्यावर इंग्लंड-अमेरिकेत टीकेची धार वाढली. १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे या विषयावर भरलेल्या परिसंवादात बऱ्याच वक्त्यांचा सूर प्रतिकूल होता. परंतु विरोधकांना एका शब्दात दुराग्रही ठरवून मोकळे होणे हे चरित्रकाराला शोभणारे नाही. त्यांच्या आक्षेपांत तथ्यही होते.

पहिला आक्षेप बलाचा होता. एवढे प्रचंड खंड ढकलते कोण? पृथ्वीच्या परिवलनामुळे खंडांवर विषुववृत्ताच्या दिशेने पडणारा ताण आणि सूर्य-चंद्रांचे भरती-ओहोटीचे बल, ही वेगेनर यांची उत्तरे होती. ब्रिटिश भूभौतिकीतज्ज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणित करून दाखवले की, ही बले या कामासाठी अत्यंत तोकडी आहेत. हे गणित बरोबर होते. दुसरा आक्षेप असा की, सागरतळाचा कठीण खडक फोडीत खंड पुढे जात असतील, तर ते स्वतःच चुरडले जातील. हाही आक्षेप योग्य होता. तिसरी अडचण मापनांची होती. ग्रीनलंडच्या रेखांशांची जुनी-नवी मापने ताडून ते बेट वर्षाला कित्येक मीटर सरकते, असा निष्कर्ष वेगेनर यांनी काढला होता. त्या मापनांतील त्रुटीच एवढ्या मोठ्या होत्या की, तो निष्कर्ष टिकणारा नव्हता. प्रत्यक्ष वेग काही सेंटिमीटरांचा असल्याचे आज आपण जाणतो.

या शास्त्रीय कारणांत एक सामाजिक कारण मिसळलेले होते. हवामानशास्त्रज्ञाने भूविज्ञानाच्या मुळाशी असलेली समजूत बदलू पाहावी, हे अनेकांना रुचले नाही. जर्मनीत वेगेनर यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले नाही. ते काही वर्षे हँबुर्गच्या सागरी वेधशाळेत काम करीत राहिले. १९२४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाने हवामानशास्त्र आणि भूभौतिकी यांचे प्राध्यापकपद देऊन त्यांना स्थैर्य दिले. त्याच वर्षी क्योपेन यांच्यासह लिहिलेला भूवैज्ञानिक काळातील हवामानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

भाषेच्या अंगानेही येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. वेगेनर यांनी वापरलेल्या जर्मन फेरशीबुंग या शब्दाचा अर्थ जागा बदलणे, सरकणे असा आहे. इंग्रजीत त्यासाठी ड्रिफ्ट हा शब्द रूढ झाला आणि त्यात वाऱ्यावर किंवा प्रवाहावर भरकटत जाण्याची छटा आहे. मराठीत आपण वहन म्हणतो, तेव्हा वाहून नेण्याचा, म्हणजे कोणीतरी वाहणारा असल्याचा अर्थ सूचित होतो. गंमत अशी की, पुढील संशोधन पाहता तिन्हींपैकी मराठी शब्दच वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो. खंड स्वतः चालत नाहीत. त्यांना वाहून नेले जाते.

थोडे समर्थकही होते. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यु त्वा यांनी अटलांटिकच्या दोन्ही बाजूंचे खडक प्रत्यक्ष तपासून पुरावे वाढवले. ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस असे सुचवले की, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेमुळे प्रावरणात मंद अभिसरण-प्रवाह चालू असावेत आणि तेच खंडांना हलवीत असावेत. वेगेनर यांना हवे असलेले उत्तर याच दिशेला होते. परंतु सागरतळाची माहितीच तेव्हा इतकी अपुरी होती की, होम्स यांचे म्हणणेही एक तर्क म्हणूनच राहिले.

५.२.६ अखेरची मोहीम

१९३० मध्ये वेगेनर एका मोठ्या जर्मन मोहिमेचे नेते म्हणून पुन्हा ग्रीनलंडला गेले. हिमस्तराची जाडी मोजणे आणि त्यावरील हवामानाच्या वर्षभर नोंदी घेणे, हा मोहिमेचा हेतू होता. पश्चिम किनारा, पूर्व किनारा आणि हिमस्तराचा मध्य अशी तीन केंद्रे ठरली. मधले केंद्र आइसमिटे हे पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत आणि सुमारे ३,००० मीटर उंचीवर होते.

आरंभापासूनच वेळापत्रक कोलमडले. किनाऱ्यावरचा समुद्र गोठलेला असल्याने सामान उतरवायला ३८ दिवसांचा उशीर झाला. पंख्यावर चालणाऱ्या मोटारघसरगाड्या मऊ बर्फात आणि वादळात निरुपयोगी ठरल्या. आइसमिटे येथे योहानेस गेओर्गी आणि एर्न्स्ट झोर्गे हे दोघे राहत होते. त्यांच्याकडे हिवाळ्यासाठी पुरेसे इंधन नव्हते आणि वेळेत सामान न आल्यास २० ऑक्टोबरला आपण पायी परत निघू, असे त्यांनी कळवले होते. त्या हवेत पायी निघणे म्हणजे मृत्यूच्या दारात जाणे होते. म्हणून २१ सप्टेंबर रोजी वेगेनर स्वतः सामान घेऊन निघाले. त्यांच्यासोबत फ्रिट्स ल्योवे हे सहकारी आणि १३ ग्रीनलंडवासी होते. थंडी वाढत गेली तसे एकेक करून बारा ग्रीनलंडवासी परत फिरले. रासमुस विलुमसेन हा विशीतला तरुण तेवढा सोबत राहिला.

चाळीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, तिघे आइसमिटे येथे पोहोचले. वाटेत तापमान शून्याखाली ५० अंशांपलीकडे गेले होते. बरेचसे सामान वाटेतच टाकावे लागले होते. पोहोचल्यावर कळले की, गेओर्गी आणि झोर्गे यांनी बर्फात गुहा खोदून तेथेच हिवाळा काढण्याचा निर्णय घेतला होता. ज्यांना वाचवण्यासाठी हा प्रवास केला, त्यांनी आपला मार्ग स्वतःच शोधला होता. ल्योवे यांच्या पायांची बोटे हिमदंशाने निकामी झाली होती. ती तेथेच साध्या चाकूने काढावी लागली. ते परत येऊ शकणार नव्हते आणि पाच जणांना पुरेल एवढे अन्न केंद्रावर नव्हते. म्हणून १ नोव्हेंबर १९३० रोजी वेगेनर आणि विलुमसेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन पश्चिमेकडे परत निघाले. त्या दिवशी वेगेनर यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली होती.

दोघेही किनाऱ्यावर पोहोचले नाहीत. १२ मे १९३१ रोजी शोधपथकाला साधारण अर्ध्या वाटेवर बर्फात उभ्या केलेल्या स्की दिसल्या. तेथे वेगेनर यांचा देह काळजीपूर्वक शिवलेल्या आच्छादनात पुरलेला होता. मृत्यू बहुधा अतिश्रमाने हृदय बंद पडून झाला असावा. देह पुरला आणि खूण केली ती विलुमसेन यांनी. वेगेनर यांची रोजनिशी घेऊन ते पुढे निघाले असावेत. पण ते, त्यांचे कुत्रे आणि ती रोजनिशी यांपैकी काहीही पुढे सापडले नाही. वेगेनर यांना बर्फातच ठेवण्यात आले. मोहिमेचे नेतृत्व बंधू कुर्ट यांनी स्वीकारून ती पूर्ण केली. स्फोटांचे प्रतिध्वनी मोजून मध्य ग्रीनलंडवरील बर्फ दोन किलोमीटरहून अधिक जाड असल्याचे या मोहिमेने दाखवले. गेओर्गी, झोर्गे आणि ल्योवे हे तिघेही तो हिवाळा तरले.

आपली प्रगती तपासा – २
१. जेफ्रीज यांचा आक्षेप कोणता होता आणि तो कितपत योग्य होता?
२. २१ सप्टेंबर ते १ नोव्हेंबर १९३० या काळातील घटना क्रमाने लिहा.

५.२.७ विचाराचे उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धानंतर सागरतळाचे पद्धतशीर मापन सुरू झाले. मेरी थार्प आणि ब्रूस हीझेन यांनी तयार केलेल्या नकाशांतून अटलांटिकच्या मध्यभागी हजारो किलोमीटर लांबीची पर्वतरांग आणि तिच्या माथ्यावरील खोल दरी स्पष्ट झाली. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी मांडले की, अशा रांगांपाशी प्रावरणातील द्रव्य वर येते, थिजते आणि नवा सागरतळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकत जातो. १९६३ मध्ये फ्रेडरिक वाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी सागरतळाच्या खडकांतील चुंबकत्वाचे उलटसुलट पट्टे हा त्याचा पुरावा असल्याचे दाखवले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटते आणि थिजणारा खडक तत्कालीन दिशा आपल्यात साठवून ठेवतो. त्यामुळे रांगेच्या दोन्ही बाजूंना या पट्ट्यांची सारखी नक्षी उमटते.

१९६७-६८ पर्यंत भूपट्ट सिद्धांत आकाराला आला. या सिद्धांतानुसार पृथ्वीचे कठीण बाह्य कवच सात मोठ्या आणि अनेक लहान पट्टांत विभागलेले आहे. पट्टात खंड आणि सागरतळ दोन्ही असू शकतात आणि ते एकत्रच सरकतात. त्यामुळे सागरतळ फोडीत जाणाऱ्या खंडाविषयीचा आक्षेप आपोआप दूर झाला. पट्ट जेथे दूर जातात तेथे नवा सागरतळ जन्मतो. जेथे सागरी पट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथे खोल गर्ता आणि ज्वालामुखींच्या रांगा तयार होतात. जेथे दोन खंड आदळतात तेथे उंच पर्वत उभे राहतात. आणि जेथे पट्ट एकमेकांना घासत जातात तेथे भूकंप होतात. सागरी पट्टाचा खाली शिरणारा थंड, जड भाग स्वतःच्या वजनाने मागील भागाला ओढतो आणि प्रावरणातील अभिसरणाशी हे ओढणे निगडित असते. वेगेनर यांना अखेरपर्यंत न सापडलेले बल हेच होते.

भारतीय भूभागाची कथा या सिद्धांतातील एक ठळक अध्याय आहे. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनला. १९५० च्या दशकात दख्खनच्या या कातळातील चुंबकत्व तपासले गेले, तेव्हा तो विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थिजला असल्याचे दिसून आले. म्हणजे आज आपण ज्या डोंगरांना अचल समजतो, ते दक्षिण गोलार्धात जन्मले आणि भारतीय पट्टावर बसून उत्तरेकडे आले. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग आशियाला भिडू लागला आणि हिमालय उंचावला. ही टक्कर अजून संपलेली नाही. आज उपग्रहांच्या साहाय्याने पट्टांची गती प्रत्यक्ष मोजता येते. अटलांटिक महासागर वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदावतो. आपल्या बोटांची नखे वाढतात, जवळपास त्याच वेगाने.

एल्झे वेगेनर यांना १९९२ पर्यंतचे दीर्घ आयुष्य लाभले. पतीचा विचार जगाने स्वीकारलेला त्यांना पाहता आला. जर्मनीने १९८० मध्ये ब्रेमरहाफेन येथे ध्रुवीय संशोधनाची संस्था स्थापली आणि तिला वेगेनर यांचे नाव दिले.

५.३ चरित्रलेखनाच्या दृष्टीने काही मुद्दे

(अ) बरोबर असणे आणि सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खंड सरकले, हे वेगेनर यांनी पुराव्यांनिशी दाखवले. ते का सरकले, हे त्यांना सांगता आले नाही. चरित्रकाराने या दोहोंतील फरक पुसून टाकू नये.

(आ) शेवट ठाऊक असल्यामुळे चरित्रकाराला आरंभीच निकाल देण्याचा मोह होतो. १९२६ मधील टीकाकारांना १९६८ मधील पुरावे उपलब्ध नव्हते. त्यांना त्यांच्या काळात उभे करून पाहणे हाच न्याय होय.

(इ) नायकाच्या प्रकाशात इतर माणसे दिसेनाशी होतात. वेगेनर यांच्या देहाचा शोध लागला, तो विलुमसेन यांनी उभ्या केलेल्या खुणेमुळे. कडाक्याच्या थंडीत, एकट्याने, स्वतःचा जीव धोक्यात असताना त्यांनी ते कर्तव्य केले. अनेक वृत्तान्तांत त्यांचा उल्लेख केवळ सोबती एवढाच येतो. कोणाचे नाव घ्यायचे आणि कोणाला निनावी ठेवायचे, हा निर्णयही चरित्रलेखनाचाच भाग असतो, हे तुम्ही लिहिताना विसरू नये.

५.४ सारांश

खगोलशास्त्रात पदवी घेतलेल्या आणि हवामानशास्त्रात काम केलेल्या आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडवहनाचा विचार मांडला आणि १९१५ च्या ग्रंथात तो विस्तारला. किनारे, खडक, जीवाश्म आणि प्राचीन हवामान हे त्यांचे चार आधार होते. पुरेसे बल दाखवता न आल्यामुळे तो नाकारला गेला. १९३० च्या ग्रीनलंड मोहिमेत सहकाऱ्यांपर्यंत सामान पोहोचवून परतताना ते मरण पावले. सागरतळाच्या संशोधनातून १९६० च्या दशकात भूपट्ट सिद्धांत उभा राहिला. त्याने वेगेनर यांचा मुख्य विचार स्वीकारला, मात्र त्यांची कारणमीमांसा बदलली.

५.५ पारिभाषिक शब्द

खंडवहन : भूखंडांचे पृथ्वीच्या पृष्ठावरील स्थलांतर.
भूपट्ट : पृथ्वीच्या कठीण बाह्य कवचाचा, एकसंधपणे सरकणारा भाग.
प्रावरण : भूकवच आणि गाभा यांच्यामधील जाड थर.
अभिसरण-प्रवाह : उष्णतेमुळे द्रव्य वर येणे आणि निवल्यावर खाली जाणे यांतून निर्माण होणारे चक्राकार प्रवाह.
जीवाश्म : खडकात टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष किंवा ठसे.

५.६ स्वाध्याय

१. वेगेनर यांच्या पुराव्यांचे स्वरूप सांगून त्यांची तर्कपद्धती आणि तौलनिक भाषाविज्ञानाची पद्धती यांतील साम्य स्पष्ट करा. (३०० शब्द)
२. खंडवहनाला झालेला विरोध कितपत समर्थनीय होता? साधकबाधक चर्चा करा. (३०० शब्द)
३. टीपा लिहा : (अ) गोंडवनलँड, (आ) आइसमिटे, (इ) रासमुस विलुमसेन.

५.७ उपक्रम

तुमच्या परिसरातील टेकडी, खाण, घाट किंवा नदीपात्र येथील खडकाचे निरीक्षण करा. तो केव्हा आणि कसा तयार झाला असावा, याची माहिती गावातील भूगोलाच्या शिक्षकांकडून मिळवा आणि त्या खडकाचे चरित्र दोन पृष्ठांत, प्रमाण मराठीत लिहा.